पुण्याहून दिल्लीला बिऱ्हाड हलवावे का? महिनाभराच्या सर्व्हिस अपार्टमेंटचे परीक्षण

नोकरीच्या निमित्ताने कुटुंबासह दूरच्या शहरात कायमचे जावे की नाही, हे ठरवण्यापूर्वी तिथे महिनाभर राहून पाहता यावे, यासाठी सुसज्ज घरे मासिक भाड्याने देणाऱ्या संस्था आता बहुतेक मोठ्या शहरांत आहेत. दिल्लीतील अशाच एका संस्थेचे मयूर विहार फेज एकमधील सर्व्हिस अपार्टमेंट आम्ही गेल्या नोव्हेंबरमध्ये घेतले होते. संस्थेचे नाव मी देत नाही, कारण तिच्या सेवेत ज्या उणिवा आढळल्या त्यांपैकी बहुतेक या प्रकारच्या घरांच्या रचनेतच आहेत, आणि नाव घेतले की वाचकाचे लक्ष त्या एका संस्थेवरच खिळून राहते. गादी मऊ होती का, टॉवेल रोज बदलत होते का, याची माहिती हॉटेलांच्या परीक्षणांत मुबलक मिळते. इथे निकष वेगळा आहे. दिल्ली आपल्या कुटुंबाला मानवेल की नाही, या प्रश्नाचे उत्तर मिळवायला या घराची मदत किती झाली आणि अडथळा किती झाला, तेवढेच मी पाहणार आहे.

आमची परिस्थिती थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण निकाल तिच्यावर अवलंबून आहे. मला बाराखंबा रोडवरील कार्यालयात बढतीची जागा मिळत होती. यजमानांचे काम घरून चालण्यासारखे आहे. मुलगी आठवीत, पुण्यातील राज्य मंडळाच्या शाळेत. सासूबाई सत्तरीच्या पुढच्या आणि त्यांना दम्याचा जुना त्रास. म्हणजे एका घरातील चौघांसाठी हे शहर चार वेगवेगळे प्रश्न घेऊन उभे होते, आणि पगाराचा आकडा त्यांपैकी एकाचेही उत्तर देत नव्हता. नोव्हेंबर आम्ही जाणूनबुजून निवडला. फेब्रुवारी-मार्चमध्ये दिल्ली पाहिलेल्या माणसाला ती आवडतेच. फुलांनी भरलेली उद्याने, कोवळे ऊन आणि स्वच्छ आकाश पाहून निर्णय घेणारा पुढच्या दिवाळीनंतर पस्तावतो. ज्या शहरात बारा महिने काढायचे आहेत, त्याची परीक्षा त्याच्या सर्वांत वाईट महिन्यातच घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

मयूर विहार निवडण्याचे कारण मेट्रो. हे स्थानक ब्लू आणि पिंक या दोन मार्गांच्या संगमावर आहे आणि तिथून बाराखंबा रोडला गाडी न बदलता जाता येते. शिवाय पुण्याहून येणारी गोवा एक्स्प्रेस ज्या हजरत निजामुद्दीन स्थानकावर थांबते, ते यमुनेच्या पलीकडे फार लांब नाही. वस्ती जुनी आहे. दिल्ली विकास प्राधिकरणाने बांधलेली 'पॉकेट' नावाची संकुले आणि सहकारी गृहनिर्माण संस्था यांची सरमिसळ इथे दिसते, आणि भाड्याने राहणारी नोकरदार कुटुंबेही बरीच आहेत.

घराविषयी फार लिहिण्यासारखे नाही. दोन शयनगृहे, बैठकीची खोली, लहान स्वयंपाकघर, वायफाय, वॉशिंग मशीन, रोज झाडलोट करायला येणारी बाई, एवढे जाहिरातीत लिहिले होते आणि ते सर्व होते. मेट्रो पाच मिनिटांवर असल्याचे मात्र लिहिले होते आणि प्रत्यक्षात पायी वीस मिनिटे लागत. बॅटरी रिक्षाने पाच. हा फरक किरकोळ वाटेल, पण रोज कामावर जाणाऱ्याच्या दृष्टीने तोच फरक सकाळचा डबा घरून न्यायचा की बाहेर खायचे हे ठरवतो, म्हणून जाहिरातीतील अंतर नकाशावर पायी मोजून घ्यावे. भाडे त्याच परिसरातील तेवढ्याच रिकाम्या घराच्या भाड्याच्या सुमारे दुप्पट पडले.

आता हवेकडे येते, कारण आमच्या निर्णयाचा सर्वांत मोठा भाग तिथेच अडकला होता. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा हवा गुणवत्ता निर्देशांक ३०० च्या वर गेला की हवा 'अतिवाईट' आणि ४०० च्या वर गेला की 'गंभीर' गणली जाते, आणि त्या टप्प्यांनुसार राजधानी क्षेत्रात टप्प्याटप्प्याने निर्बंध लागू होतात. त्यांना तिथे सगळे 'ग्रॅप' म्हणतात. आम्ही असताना तिसरा टप्पा लागू झाला. पुण्यात बसून हे सर्व वर्तमानपत्रात वाचलेले असते, तरी त्याचा अर्थ कळत नाही. प्रत्यक्षात अर्थ असा, की सकाळी साडेसहाला गॅलरीचे दार उघडल्यावर काहीतरी जळाल्याचा वास येतो, समोरची इमारत धुरकट दिसते, आणि रात्री वाळत घातलेला पांढरा सदरा आत घेताना त्याच्या खांद्यांवरच्या दोरीच्या खुणेभोवती करडी रेघ उमटलेली असते. पराली, म्हणजे कापणीनंतर शेतात उरलेली भाताची धसकटे, जाळणे हे एक कारण खरे, पण वाहने, बांधकामे, कारखाने आणि थंडीत जमिनीलगत साचून राहणारी, वाऱ्याशिवाय न हलणारी हवा या साऱ्यांचा तो मिळून परिणाम आहे. त्यामुळे पंजाबातील शेते विझली की दिल्ली मोकळी होते, असे घडत नाही. डिसेंबर आणि जानेवारीतही हेच चालते, असे शेजारच्या प्रत्येकाने सांगितले.

संस्थेने घरात हवा शुद्ध करणारे एक यंत्र ठेवले होते आणि त्याचा जाहिरातीत ठळक उल्लेख होता. त्याच्यावरचा आकडा पाहून आम्हाला पहिले दोन-तीन दिवस हायसे वाटले. मग यजमानांनी मागचे झाकण काढून फिल्टर बाहेर काढला. कागदाच्या घड्यांचा मूळ रंग कुठला होता हे ओळखता येऊ नये, इतका तो काळवंडलेला होता आणि बोटाने स्पर्श करताच काजळीसारखा थर हाताला लागला. तक्रार केल्यावर दुसऱ्या दिवशी नवा फिल्टर आला, हे संस्थेच्या बाजूने नोंदवले पाहिजे. परंतु खरी अडचण वेगळीच होती: यंत्र एक, खोल्या तीन, आणि ते ज्या खोलीत असेल तिथेच त्याचा उपयोग. चार माणसांच्या घरात किती यंत्रे लागतील, वर्षाला किती फिल्टर लागतील, दारे-खिडक्या बंद ठेवून सासूबाईंना दिवसाचे चोवीस तास एका खोलीत बसवणे शक्य आहे का, हे प्रश्न त्या काळ्या फिल्टरमुळे आमच्यासमोर आकड्यांनिशी उभे राहिले. या एका गोष्टीसाठी महिन्याचे भाडे वसूल झाले, असे मी म्हणेन.

सासूबाई दिवाळीच्या सुट्टीत मुलीबरोबर आल्या होत्या. पुण्यात त्या तळजाई टेकडीवर फिरायला जातात. इथे त्यांनी संजय झील या तलावाच्या बाजूला फिरायला जाण्याचा प्रयत्न केला, पण चौथ्या दिवसापासून त्यांना इनहेलर नेहमीपेक्षा अधिक वेळा घ्यावा लागू लागला आणि त्यांच्या पुण्यातील डॉक्टरांनी फोनवर स्पष्ट सांगितले, की सकाळचे फिरणे बंद आणि जमल्यास परत या. त्या ठरल्यापेक्षा आधी परत गेल्या. घरातील एका माणसाला एखादे शहर वर्षातील तीन महिने वर्ज्य असणे म्हणजे काय, याचा विचार तिथपर्यंत आम्ही केलाच नव्हता. दम्याचे किंवा हृदयाचे दुखणे असलेले माणूस घरात असेल, तर ही परीक्षा फोटो आणि आकडेवारी पाहून होत नाही. त्या माणसाला डॉक्टरांच्या सल्ल्याने, थोड्याच दिवसांसाठी आणि परतीचे तिकीट हाताशी ठेवून तिथे नेऊनच ती करावी लागते.

प्रवासाच्या बाबतीत मात्र दिल्लीने मला जिंकले. अक्षरधाम, यमुना बँक, इंद्रप्रस्थ, सुप्रीम कोर्ट, मंडी हाउस आणि मग बाराखंबा रोड, एवढीच स्थानके. यमुना बँकला वैशालीकडून येणारा फाटा मिळतो आणि तिथे डबा भरतो, पण गाडीच्या चालण्याच्या दिशेने पहिला डबा महिलांसाठी राखीव असल्याने उभे राहायला तरी जागा मिळते. कार्यालयात पोचायला किती वेळ लागेल हे घरातून निघताना सांगता येणे, ही गोष्ट पुण्यात कर्वे रस्त्यावरून वर्षानुवर्षे ये-जा केलेल्या माणसाला किती मोठी वाटते, हे पुणेकरांना सांगायला नको. डिसेंबर २००२ मध्ये शाहदरा ते तीस हजारी या छोट्या टप्प्याने सुरू झालेले हे जाळे आज इतके पसरले आहे, की घर निवडताना तिथले लोक आधी स्थानक विचारतात आणि मग घर. भाडेही वाजवी आहे. ऑगस्ट २०२५ मधील वाढीनंतरही सर्वांत लांबच्या प्रवासाला ६४ रुपये पडतात. मी एकही दिवस टॅक्सी न करता, कार्यालयाच्या वेळेतच, संध्याकाळच्या गर्दीसह हा प्रवास केला. महिनाभर राहायला जाणाऱ्यांपैकी अनेकजण तिथून कंपनीच्या गाडीने फिरतात आणि शहर सोयीचे असल्याचा निष्कर्ष काढून परततात. त्यांना रोजचा रस्ता कळलेलाच नसतो. रात्री नऊनंतर स्थानकापासून घरापर्यंतचा टप्पा हा वेगळा प्रश्न आहे. मुख्य रस्त्यावर वर्दळ असते, पण पॉकेटांच्या आतल्या गल्ल्या लवकर निर्मनुष्य होतात, आणि मी तिथे बॅटरी रिक्षा फाटकापर्यंत नेण्याचा नियमच केला.

इथवर घराने मदत केली. आता त्याने काय झाकले, ते सांगते, आणि हे परीक्षण लिहिण्याचे मुख्य कारण तेच आहे. सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये नळ उघडला की पाणी येते, दिवा लावला की लागतो, बाई न सांगता येते, आणि या सर्वांचे एकच बिल महिन्याच्या भाड्यात मिसळलेले असते. पण शहर मानवणे किंवा न मानवणे हे नेमके पाणी, वीज, घरमालक आणि कामवाली यांच्यावर ठरते. त्या चारही गोष्टी संस्थेने आमच्या वतीने आधीच सोडवून ठेवल्या होत्या, त्यामुळे चार पायांवर उभ्या असलेल्या टेबलाचे फक्त वरचे गुळगुळीत फळकूट आम्हाला दिसत होते.

पाण्याचे उदाहरण घ्या. पूर्व दिल्लीला मिळणारे बरेचसे पाणी गंगेचे असते. ते हरिद्वारहून निघणाऱ्या वरच्या गंगा कालव्यातून मुरादनगरमार्गे येते आणि भागीरथी व सोनिया विहार येथील प्रकल्पांत शुद्ध होते. दसरा-दिवाळीच्या सुमारास कालवा साफसफाईसाठी बंद ठेवतात आणि तेव्हा या भागात पाणी कमी दाबाने किंवा कमी वेळ येते. हिवाळ्यात यमुनेतील अमोनिया वाढला की वजिराबादचा प्रकल्प मंदावतो, त्याचा फटका दिल्लीच्या इतर भागांना बसतो. आम्हाला यातले काहीही जाणवले नाही, कारण इमारतीची टाकी मोठी होती आणि कमी पडले की संस्था टँकर मागवत होती. ही गोष्ट मला खालच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या केरळी कुटुंबातील गृहिणीकडून कळली. त्या पहाटे पाचला उठून मोटर लावत होत्या. पुण्यात आम्हीही टँकर पाहिलेले आहेत, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नव्हते, पण घर पाहताना पाण्याची वेळ, टाकीचा आकार आणि मोटर कोणाच्या मीटरवर चालते हे तीन प्रश्न विचारायचे असतात, हे त्या बाईंमुळे कळले, संस्थेमुळे नाही.

विजेचेही तसेच. दिल्लीत घरगुती वापर महिन्याला २०० युनिटपर्यंत असेल तर अनुदानामुळे बिल शून्य येते आणि २०१ ते ४०० युनिटपर्यंत निम्मी सवलत, कमाल ८०० रुपयांपर्यंत, मिळते. मात्र ऑक्टोबर २०२२ पासून त्यासाठी अर्ज करावा लागतो. ४०० युनिट ओलांडले की सवलत संपते. नोव्हेंबरमध्ये पंखाही लागत नाही, त्यामुळे हे गणित उन्हाळ्यात काय होईल हे समजायला मार्ग नव्हता. मी शेजाऱ्यांना जूनची बिले दाखवण्याची विनंती केली, आणि दोन घरांनी ती आनंदाने दाखवली. मे-जूनमध्ये लू चालते, पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो, तेव्हा कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो. पण जुलैत दमट हवा सुरू झाली की कूलर निरुपयोगी होतो आणि वातानुकूलन यंत्राला पर्याय राहत नाही, हे त्या घरांतील लोकांनी बिलांवर बोट ठेवून समजावले. शिवाय घरमालक स्वतःच्या मीटरवरून सबमीटर देत असेल, तर तो सांगेल तो दर द्यावा लागतो आणि सवलतीचा लाभ भाडेकरूपर्यंत पोचत नाही. म्हणून स्वतंत्र मीटर असलेलेच घर घ्यायचे, असे आम्ही ठरवले.

घर शोधण्याचे काम मी याच महिन्यात, संध्याकाळी कार्यालयातून परतल्यावर सुरू केले आणि शहराची खरी ओळख त्यातच झाली. तिथे एजंटला प्रॉपर्टी डीलर म्हणतात. गल्लीच्या तोंडाशी लहानशा दुकानात ते बसलेले असतात आणि त्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात निम्मे मयूर विहार असते. अनामत रक्कम साधारण एक ते दोन महिन्यांच्या भाड्याएवढी मागतात, दलाली पंधरा दिवसांपासून एका महिन्याच्या भाड्यापर्यंत. करार मात्र आपल्याकडच्यापेक्षा पुष्कळ सैल. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार नोंदवावाच लागतो. तिथे एका वर्षाच्या आतला करार नोंदणीशिवाय चालतो म्हणून सर्रास अकरा महिन्यांचा करार स्टँपपेपरवर करून मोकळे होतात. घरमालक सज्जन असेल तर त्यात अडचण नाही. पण अनामत परत मिळण्याच्या वेळी वाद झाला, तर परगावच्या माणसाच्या हातात नोंदणीकृत कागद असणे फार मोलाचे, त्यामुळे थोडा खर्च सोसून नोंदणीचा आग्रह धरावा, असे मी सुचवेन. पोलिसांकडून भाडेकरूची पडताळणीही करून घ्यावी लागते. बहुतेक मालकांचा पहिला प्रश्न मांसाहाराविषयी होता. आम्ही मासे खातो हे सांगितल्यावर दोन घरांची दारे बंद झाली, आणि नंतर केरळी व बंगाली मालकांची घरे दाखवायला डीलर आपण होऊन घेऊन गेला.

सर्व्हिस अपार्टमेंटची पावती रहिवासाचा पुरावा म्हणून उपयोगी पडत नाही, हे आधीच लक्षात ठेवावे. शाळेच्या चौकशीत ते लगेच कळले. मुलीच्या शाळेचा प्रश्न आम्हाला वाटला होता त्यापेक्षा अधिक काटेकोर निघाला. दिल्लीत शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, आपल्याकडे जूनमध्ये. केंद्रीय मंडळात (सीबीएसई) नववीतच विद्यार्थ्याची नोंदणी होते आणि दहावीत थेट प्रवेश पालकांच्या बदलीसारख्या मोजक्या कारणांनीच मिळतो. म्हणजे आठवीनंतर लगेच, एप्रिलमध्ये जायचे, नाहीतर दहावी होईपर्यंत पुण्यातच थांबायचे. मधली वाट जवळजवळ नाही. राज्य मंडळातून आलेल्या मुलीला गणित-विज्ञान जुळवून घेता येईल, तिची हिंदीही चांगली आहे. मराठी हा विषय मात्र शाळेतून जाणार. पहाडगंजात नूतन मराठी विद्यालय आहे, पण मयूर विहारहून ते रोजच्या शाळेसाठी सोयीचे नाही. मुलीने स्वतः या गोष्टीचे वाईट वाटल्याचे सांगितले, आणि घरी आजीने तिच्याकडून वाचून घ्यायचे, असा तोडगाही तिनेच काढला. हवा अतिगंभीर झाली की शाळा ऑनलाइन जातात, तेही लक्षात घ्यायला हवे. नोव्हेंबर २०२४ मध्ये तसे मोठ्या प्रमाणावर घडले होते.

गाडीचा मुद्दा पुण्याहून जाणाऱ्यांपैकी बरेचजण विसरतात. आमची गाडी डिझेलवरची आणि २०१६ सालची. दिल्लीत दहा वर्षांपुढील डिझेल आणि पंधरा वर्षांपुढील पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने कारवाईला लगाम घातला असला, तरी ग्रॅपच्या तिसऱ्या टप्प्यात बीएस-चार या जुन्या प्रदूषण मानकाच्या डिझेल गाड्यांना रस्त्यावर बंदी असतेच. शिवाय दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी ठेवायची असेल, तर मूळ परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र घेऊन तिची नव्याने नोंदणी करावी लागते आणि तिथला कर भरून इथल्या कराचा उरलेला भाग परत मागावा लागतो. ज्यांच्या कंपनीची कार्यालये चार किंवा अधिक राज्यांत आहेत त्यांना नव्या गाडीसाठी २०२१ पासूनची, राज्य बदलले तरी चालणारी बीएच क्रमांक मालिका घेता येते. आम्ही गाडी पुण्यातच विकणार आहोत. मेट्रो दाराशी असताना पार्किंगसाठी शेजाऱ्यांशी रोज वाद घालण्याची इच्छा नाही. मयूर विहारच्या पॉकेटांत ते वाद मी खिडकीतून पाहिले आहेत.

खाण्यापिण्यात फारसे अडले नाही. संस्थेच्या स्वयंपाकघरात इंडक्शनची एक शेगडी आणि तीन भांडी होती, त्यावर भाकरी होत नाही, आणि भाकरीशिवाय महिना काढणे आम्हाला जड गेले. ज्वारीचे पीठ गल्लीतल्या चक्कीवर मिळाले नाही; गहू, मका आणि थंडीत बाजरी मिळते. सफलच्या दुकानात भाज्या ताज्या आणि ठरलेल्या दराच्या, दूध मदर डेअरीच्या बूथवर सुट्टे. नारळ, कढीपत्ता आणि ताजे मासे मात्र अपेक्षेपेक्षा सहज मिळाले, कारण उत्तर गुरुवायूरप्पन मंदिराच्या आसपास केरळी वस्ती मोठी आहे. मराठी माणसे दिल्लीत विखुरलेली आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये तालकटोरा स्टेडियममध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा ती एकत्र दिसली असतील. एरवी आपल्यालाच त्यांना शोधावे लागते. कार्यालयातील एका विदर्भाच्या सहकाऱ्याने आम्हाला घरी जेवायला बोलावले. ती दोघे दहा वर्षे दिल्लीत आहेत. त्यांनी हिवाळ्यात किती दिवस मुलांना बाहेर खेळू दिले नाही, आणि उन्हाळ्यात कुठल्या दिशेची घरे तापतात, हे इतक्या मोकळेपणाने सांगितले, की त्या एका संध्याकाळी जे कळले ते संस्थेच्या स्वागत पुस्तिकेतील लाल किल्ला आणि हुमायूनच्या मकबऱ्याच्या पानांतून कधीच कळले नसते.

संस्थेच्या वागणुकीविषयी दोन शब्द. फोन केल्यावर माणूस यायचा, बोलणे सौजन्याचे होते, देखभाल करणारा मुलगा कामसू होता. घर सोडताना मात्र अनामत रकमेतून आधी न सांगितलेली खोल सफाईची रक्कम कापली आणि उरलेले पैसे परत यायला पुष्कळ पाठपुरावा करावा लागला. करारावर सही करण्यापूर्वी कोणकोणत्या कारणांसाठी कपात होऊ शकते याची यादी लेखी मागून घ्यावी आणि आत शिरताना भिंती, भांडी व यंत्रे यांचे तारखेसह फोटो काढून ठेवावेत.

एवढे पैसे खर्च करून आमचा निर्णय काय झाला, असे कोणीही विचारेल. आम्ही जाणार आहोत, मार्चच्या अखेरीस, मुलीची आठवीची परीक्षा झाल्यावर. मात्र सासूबाई ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत पुण्यात दिरांकडे राहतील, हे दोन्ही घरांनी बसून ठरवले आहे, आणि त्यांनीच त्याला होकार दिल्यावर आम्ही नोकरीचा प्रस्ताव स्वीकारला. त्यांनी नकार दिला असता, तर मेट्रो कितीही चांगली असती तरी मी बढती सोडली असती. घराचे ठिकाण मयूर विहारच ठेवले आहे, स्वतंत्र मीटरचे, पहिल्या मजल्यावरचे, पूर्वेकडे गॅलरी असलेले. सामान संपूर्ण ट्रक न घेता दुसऱ्याच्या सामानासोबत पाठवणार आहोत, कारण फर्निचर जुने आहे आणि दीड हजार किलोमीटर नेण्याच्या किमतीचे नाही. बिल्टीवर, म्हणजे मालवाहतुकीच्या पावतीवर, प्रत्येक खोक्याची नोंद आणि वाहतुकीचा विमा, या दोन गोष्टींवर मात्र तडजोड नाही.

या सेवेची शिफारस मी अटींसह करीन. एकटा तरुण माणूस असेल आणि कंपनीने पहिल्या महिन्याची राहण्याची सोय केली असेल, तर यावर वेगळा खर्च करण्याचे कारण नाही. त्याने थेट एखाद्या पेइंग गेस्टमध्ये राहावे, शहर लवकर कळेल. ज्यांच्या घरी वृद्ध माणूस, शाळकरी मूल किंवा जुने दुखणे आहे, त्यांच्यासाठी हा खर्च योग्य आहे, पण तो नोव्हेंबर किंवा जूनमध्येच करावा आणि महिन्यातील किमान निम्म्या संध्याकाळी इतरांच्या भाड्याच्या घरांत घालवाव्यात. संस्थेला मी लेखी सुचवले आहे, की पाहुण्यांना त्याच इमारतीची मे ते जुलैमधील विजेची बिले, पाण्याच्या वेळा आणि टँकरची नोंद घरात शिरतानाच दाखवावी, स्वयंपाकघरात गॅसची शेगडी आणि लोखंडी तवा ठेवावा, आणि हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राचा फिल्टर कधी बदलला त्याची तारीख त्याच्यावरच चिकटवावी. शेवटच्या सूचनेवर त्यांचे उत्तर आले आहे, की पुढच्या महिन्यापासून तसे करतील. बिले दाखवण्याविषयी अजून काही कळवलेले नाही, तेव्हा घर घेणाऱ्याने ती स्वतः मागावीत.